लिस्बनला पाच दिवस, आणि आई म्हणते, "त्यांचं गाव मी कशाला बघू?"

म्हार्दोळची जाई

नमस्कार. मे महिन्यात आईला घेऊन लिस्बनला जायचं घाटतंय. धाकटा भाऊ तीन वर्षांपासून तिथे आहे, आमादोराला दोन खोल्यांत राहतो, म्हणजे हॉटेलचा खर्च वाचला. शुक्रवारी सकाळी पोचू, मंगळवारी रात्री परत. भावाला रविवार-सोमवार सुट्टी, बाकीचे दिवस मी आणि आई.

आई सत्तरीची. महालसेच्या देवळात प्रदक्षिणा घालते, पण जिना दिसला की "तुम्ही व्हा पुढे" म्हणते. आणि लिस्बन म्हणजे सात टेकड्यांचं शहर, असं भाऊ सांगतो. त्यात सोमवारी आई शिवराक (शाकाहारी). इतर दिवशी नुस्त्याशिवाय (माशांशिवाय) घास उतरत नाही, पण सोमवारी अंडंसुद्धा नाही.

हे सगळं जमवता येईल. खरी अडचण वेगळीच आहे. आजोबा (आईचे बाबा) पोर्तुगीजांविरुद्धच्या गोवामुक्ती सत्याग्रहात पकडले गेले आणि चौदा महिने गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगात होते. आईचा जन्म १९५५ चा, त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. मुलाला भेटायला ती आनंदाने येतेय. पण मी इंटरनेटवरून काढलेली यादी वाचून दाखवली तर पहिलंच नाव जेरोनिमोसच्या मठाचं. आत वास्को द गामाचं थडगं. आईने चष्मा काढला आणि म्हणाली, "त्यांचं गाव मी कशाला बघू? तुम्ही जा. मी घरात बसून मुलाला हुमण (माशांची आमटी) करून घालीन."

तिला ओढून न्यायचं नाहीये मला. पण पाच दिवस आमादोराच्या खोलीत बसून राहील, तेही बघवणार नाही. तिला दाखवण्यासारखं काय आहे तिथे?

---

पेडण्याचो पावणो

जाई, एवढा विचार नका करू. एकदा तिथे पोचल्या की आई आपोआप रमतील. बेलेंचा मनोरा, जेरोनिमोस, २८ नंबरची पिवळी ट्राम, किल्ला, एक दिवस सिंत्रा. पाश्तेल द नाता (अंड्याच्या कस्टर्डची छोटी पेस्ट्री) जिथून सुरू झालं म्हणतात ते बेलेंचं दुकान १८३७ पासूनचं आहे, रांग लावा पण खा. वरून दालचिनी भुरभुरायची. इतिहास इतिहासाच्या जागी, आपण पर्यटक. आम्ही गेलो होतो तेव्हा चार दिवसांत सगळं झालं, सिंत्र्याला तर दोन राजवाडे केले एका दिवसात.

---

मळ्यातल्या बाई

जाई, तुमच्या आईंचं म्हणणं मला पटतं. एरवी मी इथे वाचून गप्प बसते, आज लिहायला बसले ती त्यामुळेच.

हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. मुलगी लिस्बनला शिकायला होती म्हणून दोनदा जाणं झालं, २०१८ ला आणि २०२३ ला. पहिल्या खेपेस पावण्यांच्या यादीप्रमाणेच निघालो आणि पहिल्याच सकाळी बेलेंला गेलो. तिथे नदीकाठी दर्यावर्दींचं स्मारक आहे, जहाजाच्या नाळेच्या आकाराचं, बावन्न मीटर उंच. टोकाला राजपुत्र हेन्री, मागे ओळीने खलाशी, पाद्री, नकाशे काढणारे. समोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा. लोक आपापला देश शोधतात, त्यावर पाय ठेवतात आणि फोटो काढतात. मुलगी म्हणाली, "आई, तू गोव्यावर उभी राहा." मी नाही राहिले. पाटी वाचली तर हे दगडी स्मारक १९६० चं. म्हणजे आपण मुक्त व्हायच्या अवघं एक वर्ष आधी हे लोक तिथे नाळ बांधत होते! दुपारपर्यंत माझं डोकं चढलं ते चढलंच. पाश्तेल द नाताची रांगसुद्धा सोडून आले.

म्हणून दुसऱ्या खेपेस मी क्रम उलटा केला. आधी तुरुंग, बेलें सगळ्यात शेवटी. तुम्हीही तसंच करा.

त्यांच्या से कातेद्रालच्या (मुख्य चर्चच्या) अगदी बाजूला आल्जूब नावाची इमारत आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैदी इथे ठेवत, १९६५ पर्यंत हा तुरुंग चालू होता. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यांवर जायला लिफ्ट आहे, तेव्हा गुडघ्यांची चिंता नको. तिथल्या एकांतकोठड्या बघा. मी एकीत उभी राहून दोन्ही हात पसरले, पुरते पसरायच्या आतच बोटं भिंतींना लागली. नवरा बाहेरून हाका मारत होता आणि मला आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. यात बहुतेक पोर्तुगालचेच लोक होते. छापखान्यात काम करणारे, विद्यार्थी, वकील. आपल्याकडे आग्वादात ज्या सरकारने माणसं कोंडली, त्याच सरकारने इथे स्वतःची माणसं कोंडली होती. हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल, पण कळलं ते त्या कोठडीत.

आणि आता आईंना सांगण्यासारखी गोष्ट. या आल्जूबात मारियो सोआरेस नावाचा एक तरुण होता. १९४९ मध्ये त्याचं लग्नसुद्धा तुरुंगात असतानाच लागलं. पुढे राजवट कोसळली आणि हा माणूस परराष्ट्रमंत्री झाला. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत येऊन त्याने करारावर सही केली की गोवा, दमण, दीव, दादरा, नगरहवेली हे सगळं भारताचं आहे, पोर्तुगालला मान्य. आपल्या बाजूने सही कुणाची? यशवंतराव चव्हाणांची. आपण १९६१ ला मोकळे झालो, त्यांनी कागदावर मानलं तेरा वर्षांनी. आणि मानलं ते तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाने. तुमच्या आजोबांना हा सोआरेस परका वाटला नसता.

राजवट कोसळली ती जागाही बघण्यासारखी आहे, कारमोचा चौक. २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान कायतानो तिथल्या बराकीत लपून बसले होते, बाहेर सैनिक आणि लोकांची ही गर्दी, बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं. संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. आज त्या चौकात जाकारांडाची झाडं आहेत, मेअखेरीला जांभळी फुलं येतात. आई बाकावर निवांत बसू शकतील.

त्या चौकालाच लागून कारमोचा मठ आहे. छप्पर नाही. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांचा सण, सकाळची मिसाची वेळ, चर्चांतून मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप. मागून समुद्र आला, मग आग लागली. शहराचा खालचा भाग जवळजवळ सगळा गेला. राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने तो नव्याने उभा केला, भिंतींच्या आत लाकडाचे पिंजरे घालून, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर घर डोलेल पण पडणार नाही. मठ मात्र तसाच ठेवला. कमानी उभ्या आहेत, मध्ये आकाश, खाली गवत. मला थेट जुन्या गोंयचा सांत ऑगस्टीनचा मनोरा आठवला. फरक एवढाच की आपला पडला तो कुणी सांभाळला नाही म्हणून.

वर चढायचं कसं ते सांगते, कारण सान्ता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टला (१९०२ ची, दिसायला छान) तासभर रांग असते. तुम्ही सरळ बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा आणि सरकत्या जिन्यांनी शियादोच्या बाजूला वर निघा. तिकीटसुद्धा लागत नाही, लोक रोज टेकडी चढायला तेच वापरतात. किल्ल्याकडे जायलाही फांकेइरोस रस्त्यावरच्या एका इमारतीतून फुकटची लिफ्ट आहे, तिच्यातून बाहेर पडलं की थोडं चालून दुसरी. सात टेकड्या खऱ्या, पण गुडघ्यांसाठी पळवाटा ठेवल्यात त्यांनी.

२८ नंबरची ट्राम मात्र सोडा. बसायला मिळत नाही, वळणावर आई पडतील आणि गर्दीत पाकीट जातं. आमच्या ह्यांचं गेलंच. पोर्तुगीज पोलिसांना "पाकीट" कसं समजवायचं यावर आमची अर्धी सकाळ गेली.

आल्फामाच्या पायथ्याशी "कासा दुश बिकुश" म्हणून घर आहे. समोरची भिंत म्हणजे हिऱ्याला पैलू पाडावेत तशा टोकदार दगडांची. बांधलं १५२३ मध्ये ब्राश द आल्बुकेर्कने, म्हणजे १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कच्या मुलाने. बघून काय वाटायचं ते वाटू दे. पण आता त्या घरात कोण आहे बघा: सारामागो या लेखकाच्या नावाची संस्था. हा माणूस सालाझारच्या विरोधातला, कम्युनिस्ट, नोबेल मिळालेला. त्याची रक्षा दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली ठेवली आहे. तळमजल्यावर खोदकामात रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या सापडल्या, त्या काचेखाली दिसतात. आमचे हे म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वीचं पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी)!" खरंच की. आणि पुरुमेंत हा शब्दही त्यांचाच, प्रोव्हिमेंतु.

आईंना शब्दांची गंमत सांगा, माझ्या आईला फार आवडली होती. बटाटा, पाव, कोबी हे माहीतच असतं. पण लिलाव, पगार, घमेलं, बिजागरी हेही तिकडचेच. मी एका हार्डवेअरच्या दुकानात बिजागरीकडे बोट दाखवून "बिझाग्रा?" म्हटलं तर दुकानदार खूश. चावीला मात्र ते आता "शाव्ह" म्हणतात. जुन्या काळी त्यांच्याकडेही "च"च होता, पुढे त्यांचा उच्चार बदलला. आपण त्यांचा सोळाव्या शतकातला उच्चार पदराला बांधून ठेवलाय आणि त्यांना पत्ताच नाही.

एक चर्च बघा, एकच, कारण चर्चं मोजत बसलात तर पाच दिवस पुरणार नाहीत. सांव रोक. बाहेरून अगदी साधं, आपल्याकडच्या गावच्या इगर्जीला लाजवेल इतकं साधं. आतल्या साक्रिस्तीत (पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीत) आंद्रे रेइनोझोने १६१९ च्या सुमारास काढलेली सांत फ्रांसिस शावियेरच्या आयुष्याची वीस चित्रं आहेत. ७ एप्रिल १५४१ ला तो याच शहरातून निघाला, तेरा महिन्यांनी गोव्याला पोचला. तुमच्या आई ३ डिसेंबरच्या फेस्ताला जाऊन खाजें आणतच असतील (म्हार्दोळच्या बायका बसभरून येतात, मला माहीत आहे). मग गोंयच्या सायबाची चित्रं बघायला हरकत नसावी.

रविवारी भाऊ घरी असेल तर पेनिश. हे कुठल्या यादीत सापडणार नाही, आणि सापडलंच तर समुद्रावर लाटा खेळायला म्हणून. कांपो ग्रांदहून बस मिळते, दीडेक तास. समुद्रात घुसलेल्या खडकावर किल्ला आहे, सालाझारने त्याचा तुरुंग केला. १९४६ मध्ये लोहियांनी मडगावात सभा घेतली, त्यानंतर आपली जी माणसं पकडून पोर्तुगालला पाठवली ती इथे होती: त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे. २०२४ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. भेटीची खोली तशीच आहे, मध्ये काच, अलीकडे घरचे, पलीकडे कैदी. मी तिथे बसले. इतक्या लांब काकोडकरांना भेटायला कोण येणार होतं? समुद्राचा आवाज मात्र सारखा येत होता, आग्वादसारखाच.

हे सगळं झालं की मग बेलेंला जायचं की नाही ते आईंनाच ठरवू द्या. मी दुसऱ्या खेपेस गेले, आणि त्या वेळी गामाच्या थडग्याकडे जरा शांतपणे बघता आलं. कोचीला मेला तो १५२४ मध्ये, हाडं इकडून तिकडे फिरत फिरत १८८० ला इथे आली. दगडात कोरलेला, हात जोडून झोपलेला. एक शाळकरी मुलगा त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावत होता आणि बाई त्याला ओरडत होत्या. जगभरच्या बाई सारख्याच.

---

ओदिवेलाशचो रांदपी

बाईंनी सगळं लिहिलं, मी फक्त पोटाचं सांगतो. सहा वर्षं इथल्या किचनात आहे.

काउंटरवर काचेत चामुसा दिसेल, हुबेहूब समोसा. उचलू नका. आपल्याकडूनच आलाय पण इथे आत बहुतेक वेळा खिमा असतो. काल्दु व्हेर्द नावाचं हिरवं सूप शिवराक दिसतं, वर शोरिसाची (डुकराच्या सॉसेजची) चकती तरंगते. "सें कार्न, सें पेइश" (मांस नको, मासे नकोत) पाठ करा, आणि "सें ओवुश" पण, कारण अंडं कशातही घालतात. पाश्तेल द नातात तर पिवळंच पिवळं, तेव्हा तो सोमवार सोडून.

सोमवारचा प्रश्न सोपा आहे. इथली बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. त्या दिवशी आईंना राधाकृष्ण मंदिरात न्या, तेल्हेइराशच्या बाजूला. रस्त्याचं नावच आलामेदा महात्मा गांधी. देऊळ बांधलं गुजराती लोकांनी, मूळचे दीवचे, बरेचसे मोझांबिकमार्गे आलेले. शिवराक जेवणाची सोय तिथेच आहे. आपल्या देवळांसारखी दीपमाळ नाही, तळी नाही, पण आरतीला आजूबाजूच्या बायका जमतात आणि आई पाच मिनिटांत कुणाच्या तरी सुनेची चौकशी करत असतील.

बाकी दिवशी नुस्तें भरपूर. मे-जूनात तारले, इथे सार्दिन्या म्हणतात, कोळशावर भाजून पावावर ठेवतात. १२ जूनच्या रात्री सांत आंतोनीचा सण, अख्ख्या आल्फामात धूर. तेव्हा तुम्ही नसाल, पण मेअखेरीला वास सुरू झालेला असतो. मसाला काही लावत नाहीत, जाडं मीठ फक्त. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर "हें कितें, उकडलेलें?" म्हणतील. भावाकडे हुमण करायचंच असेल तर नारळ, कढीपत्ता, मिरच्या मार्तिं मोनिशच्या दुकानांत मिळतात.

पादत्राणं रबरी तळव्याची. फुटपाथ सगळे पांढऱ्या-काळ्या दगडांच्या बारीक तुकड्यांचे, गुळगुळीत झालेले, शिंतोडा पडला की शेवाळलेल्या तळीची पायरी. घालणारे कारागीर अजून आहेत. बुटक्या स्टुलावर बसतात, दगड डाव्या तळहातावर, उजव्या हातात हातोडी, दोन ठोक्यांत चौकोन. एकदा मी घड्याळ लावून बघत बसलो, दहा मिनिटांत त्याने हातभर जागा भरली आणि माझी बस गेली.

---

पेडण्याचो पावणो

बाई, मान्य. आम्ही चार दिवसांत सगळं केलं खरं, पण आता आठवायला गेलं तर रांगाच आठवतात. आल्जूबच्या दारावरून गेलो असणार, से कातेद्रालला गेलो होतो म्हणजे गेलोच असणार. संध्याकाळी फादो (तिथलं पारंपरिक गाणं) ऐकला तेवढं मात्र लक्षात आहे. गाणं सुरू झालं तशी वाढप्याने हातातलं ताट तसंच धरून ठेवलं, कडवं संपेपर्यंत हलला नाही. जत्रेतल्या नाटकात पद सुरू झालं की चहावाला थांबतो ना, अगदी तसं. आईंना न्या.

---

म्हार्दोळची जाई

बाई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. सोआरेस आणि चव्हाणांच्या सहीचं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ काही बोलली नाही, अंगणात जाऊन जाईच्या कळ्या काढत बसली. रात्री जेवताना म्हणाली, "पेनिशला जाऊया. बाबा काकोडकरांचं नाव घ्यायचे." आल्जूब, कारमो ठरलं. सोमवारी देऊळ. पाश्तेल द नाताला नाही म्हणाली नाही, "मंगळवारी बघू" म्हणाली.

बेलें अजून अडकलंय. "ज्यांनी घेतलं त्यांचीच ती जागा" हे तिचं चालूच आहे. भावाचा आग्रह असा की निदान नदीकाठी फिरवून आणू, तिथे सपाट आहे. तिथे आपलं म्हणावं असं काहीच नाही का?

---

मळ्यातल्या बाई

आहे. गेंडा आहे.

१५१४ मध्ये गुजरातच्या सुलतान मुझफ्फरने गोवा घेणाऱ्या त्या आल्बुकेर्कला एक गेंडा भेट पाठवला. त्याचं करायचं काय, म्हणून त्याने तो राजाकडे धाडला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघालं, २० मेला लिस्बनला लागलं. रोमन लोकांच्या काळानंतर युरोपात कुणी गेंडा पाहिलाच नव्हता. राजाला हौस, त्याने गेंड्याची आणि हत्तीची झुंज लावायची ठरवली. हत्ती गेंड्याला बघूनच दरवाजा मोडून पळाला. (वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची.) पुढे राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, वाटेत इटलीजवळ जहाज बुडालं, बिचारा साखळीने बांधलेला, पोहता येत असून बुडाला. जर्मनीत ड्यूररने त्याचं चित्र काढलं ते गेंडा न बघताच, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून, म्हणून त्याच्या अंगावर चिलखत दिसतं.

तर बेलेंचा मनोरा त्याच वर्षांत बांधत होते. तिथल्या गवंड्यांपैकी कुणीतरी गेंडा बघितला असणार, कारण एका छोट्या बुरुजाच्या तळाशी, जिथे तो भिंतीला टेकतो, तिथे गेंड्याचं डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने झिजलंय. शिंग जवळजवळ गेलंय, पण मान आणि डोळ्याची खोबण ओळखू येते. पर्यटक बाल्कन्यांचे फोटो काढतात आणि याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. मी पहिल्या खेपेस बघितला नव्हता, मुलीने दाखवला तेव्हा कळलं.

मनोरा मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होता, आत जायचं असेल तर आधी चौकशी करा. जिना मात्र आत अरुंद आणि गोल आहे, आईंना नकोच. कायश दु सोद्रेहून लोकलने जा, १५ नंबरची ट्रामही जाते आणि तिच्यात चढायला सोपं आहे.

---

म्हार्दोळची जाई

गेंड्याचं ऐकून आई हसली. "पोहता येत असून बुडाला" यावर थोडी थांबली. आता तिचा एकच प्रश्न आहे, तो जसाच्या तसा लिहिते: "बायेक विचार, तो भायल्यान दिसता? तिकिटाचे पैशे हांव तांकां दिवचें ना."

---

मळ्यातल्या बाई

दिसतो. मनोऱ्याच्या पश्चिमेच्या अंगाला जा, वायव्येच्या बुरुजाखाली, एक दमडी लागत नाही. दुपारनंतर त्या बाजूला ऊन येतं तेव्हा जास्त स्पष्ट दिसतो. आईंचा लांबचा चष्मा विसरू नका. आणि तिथे नदीवरून वारा फार, मे असला तरी शाल घ्या.